नक्कीबाईंचे शनिवार

नक्कीबाईंसमोर चुकीचं उत्तर दिलं तरी घाम फुटायचा आणि बरोबर दिलं तरी. पाच नि तीन किती, असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही आठ म्हणालात, तर त्या चष्म्यावरून तुमच्याकडे बघत एवढंच म्हणायच्या, "नक्की?" तुम्ही सात म्हणालात तरी तोच शब्द, तोच सूर आणि तोच चेहरा. त्या चेहऱ्यावरून काही ताडता येईल म्हणून पोरं डोळे ताणून बघत. पण भिंतीवरच्या पालीच्या चेहऱ्यावरून जेवढं कळतं, तेवढंसुद्धा बाईंच्या चेहऱ्यावरून कळत नसे. त्यांचं खरं नाव आम्हांला ठाऊक होतं, पण ते कुणीच घेत नव्हतं. विरारच्या त्या शाळेत शिपायापासून सगळे त्यांना माघारी नक्कीबाईच म्हणत. मला वाटतं, त्यांनाही ते ठाऊक असावं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या शाळेच्या संस्थेनं पाचवीपासून एक 'प्रज्ञा वर्ग' काढला होता. आसपासच्या शाळांतली चौथीची हुशार पोरं निवडायची आणि त्यांना दहावीपर्यंत वेगळं शिकवायचं. फी नाही, पुस्तकं संस्थेची, आणि लांबच्या मुलींसाठी शाळेच्या मागेच वसतिगृह. निवड मात्र एका पेपरवर होत नसे. दिवाळीनंतर दर शनिवारी दुपारी मुलांना बोलवायचं आणि बाईंनी त्यांना पारखायचं. होळीच्या आधीच्या शनिवारी तोंडी परीक्षा आणि त्याच दुपारी निकाल. त्या वर्षी आमच्या चांदीपच्या शाळेतून गुरुजींनी माझं एकटीचंच नाव पाठवलं.

घरून परवानगी मिळाली ती अटीवर. बाबा म्हणाले, "घेतली तर जा. नाय घेतली, तर गावच्या शालंत सातवी कर नि मंग घरी बस. कामं काय कमी हायत?" बाबा दुष्ट नव्हते. वांग्याची वाडी, भाताची दोन खाचरं आणि धाकटी दोन भावंडं, एवढ्यात त्यांचं डोकं गुंतलेलं. आणि ते म्हणत होते ते खरंच होणार, हे मला ठाऊक होतं, कारण माझ्या डोळ्यांसमोर वनिताताई होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तीही याच शनिवारांना जाऊन आली होती. तिची निवड झाली नाही, आणि आता ती गावच्या सहावीत नावापुरती होती. एरवी वाडीत नाहीतर चुलीपाशी. गुरुजी अजून म्हणत, वनितासारखं डोकं मी दुसरं बघितलं नाही.

निवड झाली नाही हे ताईला सांगण्याची बाईंची रीतही ऐकण्यासारखी होती. 'तू नापास' असं त्या कुणाला म्हणत नसत. खांद्यावर हात ठेवून म्हणत, "घरी माझा नमस्कार सांग." बस. शहरातल्या पोरांना त्याचा अर्थ पाठ होता, तिथं रडारड व्हायची. ताईनं मात्र तो नमस्कार जपून घरी आणला आणि उंबऱ्यातूनच सांगितला. बाबांची छाती फुगली. एवढ्या शिकलेल्या बाईंनी आपल्याला नमस्कार पाठवला, हे त्यांनी पाराजवळ चार जणांना ऐकवलं. आईनं गोडाचं केलं. जून उजाडला, शाळा उघडल्या, विरारहून बोलावणं येईना, तेव्हा गुरुजींनी चौकशी केली आणि खुलासा झाला. त्या दिवसापासून आमच्या घरात 'नमस्कार' म्हटलं की सगळे गप्प होत.

त्यामुळे मी दर शनिवारी जायची ती त्या नमस्काराला घाबरतच. मला पोचवायला ताई यायची. एसटीनं विरारला उतरायचं, शाळेपर्यंत चालत जायचं आणि मी आत गेले की ती बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. बाई तिच्या समोरून येत-जात असत. ती उठून उभी राहायची, बाई मान हलवून पुढे जायच्या. त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं. मी एकदा म्हटलं, सांगू का त्यांना? तर ताईनं माझा दंड असा काही धरला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

एक सांगायला हवं. बाईंची मला भीती वाटायची, तशी त्यांची ओढही लागली होती. त्या तुळिंजला एका बिल्डिंगीत एकट्या राहत. मूळच्या साताऱ्याकडच्या. पांढऱ्या सुती साड्या, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत शेंगदाणे आणि गूळ. तास सुरू करायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर मूठभर दाणे आणि गुळाचा खडा पडायचाच. "उपाशी पोराची परीक्षा घेतली की पोटाचा निकाल लागतो, डोक्याचा नाही," असं त्या म्हणत. गावाकडून एसटी धरून आलेल्या माझ्यासारख्यांना त्या न विचारता दोन मुठी देत. आपण किती लांबून आलोय हे या बाईंना बरोबर कळतं, याचं मला फार अप्रूप वाटे. मग बाकीचं का कळत नाही, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

खोडरबराशी त्यांचं वैर होतं. पहिल्याच शनिवारी त्यांनी सगळ्यांचे रबर गोळा करून टेबलाच्या खणात टाकले. "चुकलं तर आडवी रेघ मारा आणि पुढं लिहा. बरोबर उत्तर मला काय सांगणार? तुमची चूकच माझ्याशी बोलते." आमच्या गावच्या शाळेत चुकीला छडी होती. इथं कुणी चूक मागून घेतंय, हे पाहून मी चक्रावले. बाई वाकून एकेकाच्या आडव्या रेघा बघत आणि स्वतःशीच हुंकार भरत. पढवून आणलेली पोरं त्यांना लगेच कळत. एखादा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करी, की बाई शांतपणे त्यातला एक आकडा बदलत आणि मग त्या पोराचा हात हळूहळू खाली येई.

पालकांचंही त्यांच्यापुढे काही चालत नसे. वटारच्या एका बागायतदारानं मुलाबरोबर सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा पाठवला होता, पानात बांधलेला, घमघमणारा. बाईंनी तो वर्गातच सोडला आणि सगळ्यांना वाटला. शेवटचा तुकडा शिपायाला दिला. मग त्या मुलाला म्हणाल्या, "बाबांना सांग, सगळ्यांना फार आवडली. पुढच्या वेळी जरा जास्त पाठवा, पोरं बरीच आहेत." तो मुलगा बिचारा रडकुंडीला आला. पुढे त्याची निवड झाली, ती त्याच्या डोक्यावर. बाईंनी सुकेळी त्याच्या बाजूनंही मोजली नाहीत आणि विरुद्धही नाहीत.

मुलं काही सोडवत असली की त्या वर्गाकडे पाठ करून खिडकीपाशी उभ्या राहत. आम्हांला वाटे, बाई बाहेरचं गुलमोहराचं झाड बघतायत. एकदा त्या मागं न वळता म्हणाल्या, "तिसऱ्या बाकावर कोण कुणाला सांगतंय? आणि सांगतोस ते चूक आहे, बाळा." तेव्हा कळलं की त्या ऐकतायत. "समोर उभं राहिलं की पोरं मला आवडेल ते करतात," असं त्यांचं म्हणणं होतं. हे त्यांना उमजलं होतं. पण तोंडी परीक्षेत त्या अगदी समोरच बसत, आणि तिथं मात्र पोरं आपलं खरं रूप दाखवतात असं धरून चालत. शहाण्या माणसाची बुद्धीही कुठंतरी अशी अडते.

माझं घोडं नेमकं तिथंच अडत होतं. लिहिताना मला काही वाटत नसे. पण बाईंनी समोर बोलावलं, मी उत्तर दिलं आणि त्या "नक्की?" म्हणाल्या, की माझी मान आपोआप खाली जाई. तोंडातून निघे, "तुम्ही म्हनाल ते, बाई." दुसरं काही निघायचंच नाही. आमच्याकडे मोठ्यांनी पुन्हा विचारलं, याचा अर्थ तू चुकलीस, आता गप्प बस. बाबांचा हिशेब चुकलेला दिसला तरी आम्ही बहिणी एकमेकींकडे बघायचो आणि भाकरी खायचो. उलट बोलणारी पोर म्हणजे वळण नसलेली पोर. आईनं जन्मभर जे घोटवलं ते मी बाईंसमोर चोख पार पाडत होते, आणि बाई त्याचा अर्थ लावत होत्या की हिला स्वतःच्या उत्तराची खात्री नाही.

यातली मेख मला सांगितली ती केतकीनं. ती तुळिंजचीच, बाईंच्या पलीकडच्या गल्लीतली. वडील मुंबईला ऑफिसात, आई शिकवण्या घेणारी. केतकीचं तोंड म्हणजे चालू नळ. ती म्हणाली, "अगं वेडी, बाई सगळ्यांनाच नक्की विचारतात. टेस्ट असते ती. बिनधास्त सांगायचं, हो, नक्की. उत्तर बदललं की कट!" मी घरी येऊन ताईला ते सांगितलं. ताई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "असं होय." आणि मग, "तू बदलू नको हां, मंगल." त्यानंतर ती मला रोज वाडीत उभं करून सराव घ्यायची. ती विचारायची, "नक्की?" आणि मी वांग्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "हो!" म्हणायची. ताईसमोर ते जमायचं. ताई काय, ताईच होती.

होळीआधीचा तो शनिवार आला. वर्गात टेबलामागे बाई आणि त्यांच्या शेजारी संस्थेचे चिटणीस, सफारीतले, सारखं घड्याळ बघणारे. एकेकाला आत बोलावत होते. माझं नाव आलं तेव्हा ताईनं माझ्या वेणीची रिबीन उगाच पुन्हा बांधली. बाईंनी विचारलं, "एक चौकोनी वाडी आहे. चारी बाजू सारख्या. कुंपणाला प्रत्येक बाजूला दहा खांब दिसतात, कोपऱ्यातले धरून. एकूण खांब किती?" वाडीचं कुंपण मी जन्मापासून बघत होते. मी म्हटलं, "छत्तीस."

"नक्की?"

केतकीचं सांगणं आठवलं, ताईचा सराव आठवला. हो म्हणायचंय, हो म्हणायचंय, असं आत चाललेलं. पण समोर बाई होत्या, वयानं आईहून मोठ्या, आणि शेजारी ते चिटणीस. बाई वाट बघत होत्या. मी खाली बघून म्हटलं, "तुम्ही म्हनाल ते, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. चिटणिसांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आले तर ताईनं काही विचारलं नाही. माझं तोंड बघून तिला कळलं. तिनं तोंड फिरवलं आणि पदर नसलेल्या फ्रॉकला पदर असल्यासारखा हात डोळ्यांशी नेला. सगळ्यांची तोंडी संपली आणि निकालाआधी शेंगदाणे वाटले गेले. माझे दाणे मुठीतच राहिले. शेजारी केतकी मात्र खुशीत होती. "मला खांबांचं विचारलं. चाळीस सांगितलं. त्या नक्की म्हणाल्या, मी म्हटलं, एकदम नक्की!"

मला काय झालं कोण जाणे. इतका वेळ कोंडलेलं सगळं उसळून आलं. मी म्हटलं, "चाळीस? खुली का काय तू? कोपऱ्यातला खांब दोनदा मोजलास!"

"दहा चोक चाळीस. सिंपल आहे."

"सिंपल तुझ्या घरी! बघ हिकडं." मी मूठभर दाणे फरशीवर ओतले आणि कुंपण मांडायला बसले. ताई मागून सारखी दबक्या आवाजात म्हणत होती, "मंगल, हलू. आवाज खाली कर." पण मी कसली ऐकते? "ह्यो खांब या बाजूचा पन हाय नि त्या बाजूचा पन हाय. म्हनून काय दोन झाले? मोज! छत्तीसच हायत! कोनालाही बोलव, छत्तीसच!" केतकीनं मोजलं, पुन्हा मोजलं आणि खो खो हसत सुटली. "च्यायला, खरंच की!"

मी वर बघितलं तर खिडकीत बाई. पाठमोऱ्या नव्हत्या. सरळ माझ्याकडे बघत होत्या.

त्यांनी आम्हां दोघींना आत बोलावलं. चिटणीस म्हणाले, "बाई, वेळ होतोय. हिची झालीय ना तोंडी? नियम सगळ्यांना सारखा." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. केतकीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण बाजूला उभ्या राहिल्या. "तू विचार हिला. मी विचारते तसं, एकामागून एक." केतकीला काय, पर्वणीच. तिनं चष्मा नसलेल्या नाकावरून बघत बाईंची हुबेहूब नक्कल केली. फळ्यावर बाई एकेक प्रश्न लिहीत होत्या, मी उत्तर देत होते, केतकी नक्की म्हणत होती आणि मी ठासून हो म्हणत होते. एका उत्तराला चुकले, ते माझं मीच पकडलं आणि दुरुस्त केलं. चिटणिसांचं घड्याळ बघणं थांबलं.

शेवटी बाईंनी खडू ठेवला. "मग इतके शनिवार मला का नाही सांगितलंस?"

"मोठ्यांना उलट बोलू नये."

"हे उलट बोलणं आहे?"

मग वाटलं, आता घेतलं काय नि नाही काय, सांगूनच टाकावं. "आमच्याकडं सगळे तसंच करतात. ताईनं पन तसंच केलं होतं. तिला तुम्ही परत पाठवलीत. तिला माझ्यापरीस जास्ती येतं."

"कोण ताई?"

मी दाराबाहेर बोट दाखवलं. दर शनिवारी आपल्यासाठी उठून उभी राहणाऱ्या मुलीकडे बाई बघत राहिल्या. मग बाहेर गेल्या. ताई उभीच होती, भिंतीला चिकटून. बाईंनी विचारलं, "तुझं नाव वनिता ना?" तिनं मान हलवली. "मी काय विचारलं होतं तुला, आठवतं?" ताई म्हणाली, "नाय बाई." बाईंचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "वनिता, माझं चुकलं गं."

ताई घाबरून गेली. चटकन म्हणाली, "नाय बाई! तुमचं कसं चुकंल?"

बाई आत आल्या आणि निवडीच्या यादीत त्यांनी माझं नाव लिहिलं. त्यांच्या मागे उभी असलेली मी, मला निवडलं आहे हे कळूनही हसू शकले नाही. केतकीलाही घेतलं होतं. स्वतःच्या चुकीला हसता येतं त्याला पुढं शिकवता येतं, असं बाईंनी चिटणिसांना सांगितलेलं आम्ही ऐकलं.

ताईसाठी बाई संस्थेशी भांडल्या. सहावीत जागा नाही, मधूनच घेण्याचा नियम नाही, एकाला घेतलं की दहा येतील, अशी उत्तरं मिळाली. त्या वर्षी बाईंनी कितीतरी रविवार एसटी पकडून चांदीप गाठलं. बाबा त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची आणत, आई चहात साखर जास्त घाली. बाई ताईला शिकवायला बसत, आणि ताई प्रत्येक वाक्याला "हो बाई" म्हणे. कळलं का? हो बाई. अवघड वाटतं का? नाय बाई. साक्षात बाई घरी येतात म्हटल्यावर तिची मान अधिकच खाली गेली. सातवी झाली आणि तिची शाळा सुटली. विसाव्या वर्षी शेजारच्या गावात लग्न झालं. घर चांगलं मिळालं, नवरा मोगरा लावतो आणि विरारच्या बाजारात फुलांचा सगळा हिशेब ताई तोंडी बघते. पण मला ते ऐकून कधी आनंद झाला नाही. राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

बाईंनी नंतर तोंडी परीक्षा घेणंच बदललं. मुलं मुलांना प्रश्न विचारत आणि त्या खिडकीशी उभ्या राहत. आमच्या भागातली, खाचरा-वाड्यांतली पोरं वर्गात दिसू लागली. मी स्वतः आज पाचवीला गणित शिकवते. एखादं पोर मान खाली घालून "तुम्ही सांगाल तसं" म्हणालं की मी पुढचं नाव पुकारत नाही. त्याच्या शेजारच्याला उठवते आणि त्याला विचारायला लावते. हे मला कुठल्या डी.एड.मध्ये शिकवलेलं नाही.

दोन हजारनंतरच्या दशकात बाई निवृत्त झाल्या आणि तुळिंजची जागा विकून साताऱ्याला भाच्याकडे निघाल्या. मी ताईला घेऊन निरोप घ्यायला गेले. घरभर खोकी. बाई थकलेल्या. ताईनं आणलेला ओंजळभर मोगरा त्यांनी बशीत ठेवला आणि इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या एकदम ताईला म्हणाल्या, "तुझ्याबद्दलचं मनातून जात नाही गं."

मला वाटलं, ताई आता तेच म्हणणार. ती खोक्यात ठेवायच्या कपबशा कागदात गुंडाळत होती. तिनं हातातला कप खाली ठेवला. "चुकलंच तुमचं, बाई," ती म्हणाली. "मला येत होतं. आठवत नाय म्हटलं मी, पन सगळं आठवतं. तुम्ही विचारलेलं, मी सांगितलेलं. बरोबर होतं ते. मला शिकायचं होतं."

बाईंनी हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "हे मला कुणीतरी म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. ताईनं त्यांचे हात धरून खाली केले आणि उरलेल्या कपबशा गुंडाळून दिल्या.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. तुळिंजचा बाजार मागे पडला, गर्दी विरळ झाली. मग ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "मंगल, मी जास्ती बोलले का गं?"

"नाही ताई," मी म्हटलं.